एक गुंठा पृथ्वी

"विद्यार्थी मित्रहो, आजपासून तुम्ही या पृथ्वीचे धनी आहात!"

हंबर्डे सर शेताच्या बांधावर उभे होते. डाव्या हातात छत्री, उजवा हात क्षितिजाकडे. क्षितिजापर्यंत काळीभोर जमीन पसरलेली होती आणि तिच्यावर सप्टेंबरचं ऊन पडलं होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सरांनी हात खाली घेतला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "प्रत्येकी एक गुंठा. खुरपं स्टोअरमधून सही करून घ्यायचं. हरवलं तर डिपॉझिटमधून कापलं जाईल."

मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो, तेव्हाची ही गोष्ट. तिथली पद्धत अशी, की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला एक गुंठ्याचा तुकडा मिळे. त्यात रब्बीची ज्वारी पेरायची, निंदायची, राखायची, कापायची आणि मळून सरांसमोर वजन करून द्यायची. त्या वजनावर प्रॅक्टिकलचे मार्क. त्यात जो नापास तो वर्षात नापास, मग बाकीच्या पेपरांत त्यानं काय दिवे लावलेत ते कुणी विचारत नसे.

"रोल नंबर तो प्लॉट," सर म्हणाले, "आणि प्लॉट तो विद्यार्थी. मला तुमचे चेहरे लक्षात राहत नाहीत. ज्वारी लक्षात राहते."

माझा रोल नंबर चाळीस. हळबे. माझ्या प्लॉटवर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा ज्वारीचं ताट आणि उसाचं टिपरू यांतला फरक मला खाऊन सांगता आला असता, पाहून नाही. सांगलीला आमच्या घरामागं एक तुळस होती आणि तिलाही आई पाणी घालायची. वडील एका डॉक्टरांकडं कंपाउंडर. मी डॉक्टर व्हावं असं त्यांना फार वाटे, आणि मार्कांना अजिबात वाटत नव्हतं. अर्जात मेडिकलच्या खालच्या ओळीत जे कॉलेज होतं तिथं मी आलो. वडील शेजाऱ्यांना सांगत, "डॉक्टरच होतोय. झाडांचा." मला मात्र स्टँडवर बसवून देताना हळू आवाजात म्हणाले होते, "हे बघ, एक वर्ष जरी गेलं ना, तर सरळ घरी ये. दवाखान्यात पुड्या बांधायला माणूस लागतोच आहे." पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य मला स्वप्नात ऐकू येई, आणि त्याला औषधाचा वास असे.

शेजारचा प्लॉट एकोणचाळीस नंबरचा. तो माझ्या रूममेटचा. उत्तरेश्वर लोमटे. उंच, काळा, खांदे दाराएवढे. घरची बारा एकर शेती, कळंबच्या पलीकडं. हे कळल्यावर पहिल्याच रात्री माझा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे तुझं काय, डाव्या हाताचा खेळ," मी म्हणालो.

"कशाचा खेळ?"

"प्लॉटचा."

लोमटे खाटेवर पाय पसरून पडला होता. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक छातीवर उघडं. तो म्हणाला, "म्या हात लावनार न्हाई."

"कशाला?"

"मातीला." पुस्तकाचं पान उलटून तो म्हणाला, "दादानं शपथ घातलीय. माझा थोरला भाऊ, दिगंबरदादा. त्यानं सातवीतनं शाळा सोडली, मला शिकवाया. म्हनला, एका घरात एकाच्या अंगाला माती लागली बास झालं. तू बँकेत लाग, तालुक्याला लाग, कुटंबी लाग. पन परत खुरपं धरलास तर मला तोंड दाखवू नको."

"मग शेतीच्या कॉलेजात कशाला आलास?"

"बँकवाले शेतीचे डिग्रीवाले घ्यायलेत. म्हनून."

शेतीतून सुटायला पोराला शेतीच्या कॉलेजात घालायचं आणि कॉलेजनं पहिल्या महिन्यात त्याच्या हातात खुरपं द्यायचं. मला हसू आलं. त्याला आलं नाही, म्हणून मी खोकलो.

"मग प्लॉट कोण करणार तुझा?"

लोमटेनं माझ्याकडं पाहिलं. बैलबाजारात लोक बघतात तसं. आधी पाय पाहिले, मग खांदे. खांद्यांवर तो फार वेळ थांबला नाही.

"तुला पुस्तकातलं किती कळतं, कंपाउंडर?"

वडिलांचा धंदा मी त्याला संध्याकाळी सांगितला होता. रात्रीपर्यंत ते माझं नाव झालं होतं.

"काहीच नाही."

"मला समदं कळतं. मी तुला वाचून समजावून सांगतो. पेपरला जेवढं लागतं तेवढं. तू दोन्ही प्लॉट बघ. काय करायचं, कवा करायचं, मी हितनं सांगतो."

'हितनं' म्हणजे खाटेवरून.

अशी आमची वाटणी झाली. अभ्यास त्याच्याकडं, चिखल माझ्याकडं. विद्यापीठात माणसानं आपल्या पायावर उभं राहावं असं म्हणतात. आम्ही दोघं मिळून एकाच्या पायांवर उभे होतो आणि एकाच्या डोक्यानं विचार करत होतो, आणि दोन्ही गोष्टी एका माणसाकडं नव्हत्या.

हे इतकं चांगलं चाललं, की सांगताना अजून बरं वाटतं. लोमटे खाटेवरून सांगे, "आज विरळनी कर. वीतभर अंतरावर एक ताट ठिव, बाकीची उपट." मी विचारी, "कुठलं ठेवू?" तो म्हणे, "जे तुला आवडत न्हाई ते. तुला आवडलेलं नेमकं रोगट आसतंय." मी तसं करी आणि ते बरोबर येई. संध्याकाळी मी हातांच्या फोडांना खोबरेल लावत बसे आणि तो खोडकिडीची अळी कुठल्या महिन्यात काय करते हे गोष्ट सांगावी तसं सांगे. त्याचं सांगणं असं होतं, की मला त्या अळीबद्दल काळजी वाटू लागे.

हंबर्डे सर दर शनिवारी छत्री टेकत बांधावरून फिरत. बोलत नसत. प्रत्येक प्लॉटपुढं क्षणभर थांबून "हं" म्हणत आणि पुढं जात. एकोणचाळीस आणि चाळीसपुढं ते जरा जास्त थांबायचे. एकदा त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग शेजारच्या मोकळ्या बांधाकडं पाहिलं. "हं," म्हणाले.

ज्वारी छातीला लागली आणि काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या. त्या जमिनीचं हेच दुखणं. थंडी पडली, वरची ओल गेली, की ती उकलते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि आत काय लागेल या भीतीनं परत येतो. लोमटे खाटेवरून म्हणाला, "भेगा बुजीव. न्हाईतर सगळी वल त्यातनं उडून जाती. खुरप्यानं माती वढून भरायची. कंटाळवानं काम हाय, पर हेच खरं काम हाय."

मी ते काम करत होतो तेव्हा दिगंबरदादा आला.

तो बैल बघायला तालुक्याच्या बाजाराला आला होता आणि भावाला भेटून जावं म्हणून वाट वाकडी करून आला होता. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की लोमटे बांधावरून एका माणसाला घेऊन येतोय आणि त्याचा चेहरा पिठासारखा झालाय. त्या माणसाच्या डोक्याला मुंडासं, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. चेहरा अगदी लोमटेचा, फक्त दहा वर्षं उन्हात ठेवलेला.

"आन् हे रान कुनाचं?" दादा विचारत होता.

"कॉलेजचं."

"कोन करतंय?"

"गडी हायेत."

गडी म्हणजे मी. मी ज्वारीत उकिडवा बसलो होतो, लुंगीत, डोक्याला टॉवेल बांधून. लोमटेनं दादाच्या पाठीमागून माझ्याकडं पाहिलं. मेसमध्ये ताटातली शेवटची भाकरी मागताना पोरं बघतात तसं. मी मान खाली घातली आणि खुरपं चालवायला लागलो.

दादा थांबला. माझ्याकडं बघत राहिला.

"आरं, ह्यो गडी कुटला?"

"नवीन हाय," लोमटे म्हणाला.

"नवीन म्हंजी जलमायचाच ऱ्हायला की. आरं बाबा, खुरपं हाय का इळी? भाजी चिरायलास का रान निंदायलास?"

मी म्हणालो, "चुकलं मालक."

'मालक' म्हटल्यावर लोमटेच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. दादा खाली बसला. माझ्या हातातलं खुरपं त्यानं माझ्या मुठीसकट फिरवलं. त्याचा हात खरखरीत होता आणि गरम होता. "असं. मनगाट मोकळं ठिव. जोर खांद्यातनं आला पायजे." माझ्या खांद्यांकडं त्याचं लक्ष गेलं. "आसंल तेवढा," तो म्हणाला.

मग त्यानं फडक्यातली एक भाकरी काढली, वर लाल चटणीचा गोळा ठेवला आणि मला दिली. "खा. हितली पोरं शिकत्यात, त्येंच्या रानाला तुमीच. नीट कर." जाता जाता म्हणाला, "सायबाची ज्वारी हाय म्हनून सोडू नको. ज्वारीला काय ठाव आसतंय सायेब."

ते गेले. मी भाकरी खाल्ली. सांगलीला कुणी मला इतकं तिखट आणि इतकं मनापासून काही दिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते चटणीनं.

लोमटे दादाला स्टँडवर सोडून आला तो अंधार पडता पडता. खाटेवर बसला. मी विचारलं, "कसा झालो गडी?" त्यानं वहाणा काढून खाटेखाली सारल्या. मी म्हणालो, "मालक म्हटलं ते आवडलं का?" त्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री त्यानं मला काही वाचून दाखवलं नाही.

सकाळी मी उठलो तर त्याची खाट रिकामी. प्लॉटवर गेलो तर लोमटे एकोणचाळीसमध्ये उकिडवा बसलेला, सदरा काढून, आणि भेगा अशा बुजत होत्या की जणू त्याच तोंड मिटून घेत होत्या. शेजारच्या प्लॉटवरची पोरं हातातलं काम टाकून बघत होती.

"काय रे हे? शपथ मोडली?"

"तुझा प्लॉट तू बघ," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजी चाळीस तुझा. एकोनचाळीस माझा. ह्याच्यापुडं माझं मी करनार."

"आणि माझा अभ्यास?"

"त्यो बी तुझा."

मला राग आला. इतके दिवस ह्याच्या प्लॉटवर राबलो, माझ्या तळव्यांवर याच्या गुंठ्याचा नकाशा उमटला, आणि आता हा एका सकाळीत प्रामाणिक झाला. प्रामाणिक व्हायला माझी ना नव्हती. पण त्यानं आधी कळवायला हवं होतं. मी बोलणं टाकलं आणि त्याच्याबरोबर कामही टाकलं. चाळीसकडं फिरकलो नाही. रुसलेल्या माणसाला वाटतं की आपला रुसवा सगळ्यांना दिसतोय. माझा दिसत होता फक्त ज्वारीला, आणि तिच्या पायाशी भेगा रोज थोड्या रुंद होत होत्या.

आठवडाभर हे चाललं. लोमटे पहाटे जाई, परत येई, वाचत बसे, एकटाच. मनातल्या मनात. त्याचे ओठ हलत आणि मला ऐकू काही येत नसे.

मग एका दुपारी रेक्टरच्या ऑफिसात फोन आला. लोमटेला बोलावलं. तो गेला आणि परत आला तेव्हा ट्रंकेतून एक सदरा काढून पिशवीत घालायला लागला. सदरा पिशवीत जाईना. मी उठून पिशवीचं तोंड धरलं.

"काय झालं?"

"दादाला पान लागलं."

मला कळलं नाही. मी विचारलं, "कसलं पान?"

"जनावर. सकाळी पाण्याला गेला हुता. दारं धरताना." तो सदरा पिशवीत कोंबतच होता. "साप म्हनू न्हाई."

"मग आता... दवाखान्यात?"

लोमटेनं माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की दवाखान्याचा विषय संपलेला आहे. मी कंपाउंडरचा मुलगा. मला दवाखानाच आठवणार. तो गेला.

तेराव्यापर्यंत मी वाट पाहिली नाही. त्यानंतर पाहायला लागलो. वर्गात एकोणचाळीसचा पुकारा झाला की मी दाराकडं बघे आणि चाळीसला "हजर" म्हणायचं राहून जाई. आमच्या खोलीत आता दोन खाटा होत्या आणि दोन्हींवर अभ्यास होत नव्हता. पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीनंतर मी वाट बघे, दुसरी ओळ कुणीतरी वाचेल म्हणून.

डिसेंबरात कॉलेजची विहीर उतरली. हंबर्डे सरांनी सांगितलं, दोन प्लॉटना मिळून एकदाच पाणी, आणि तेही इंजिन चालेल तेवढं. एकोणचाळीस-चाळीसची पाळी आली तेव्हा पाण्याच्या दांडाला मी एकटा उभा होतो, हातात फावडं. ज्वारीची कणसं बाहेर आली होती, दाणा भरायचा होता. या वेळेला पाणी मिळालं तर ज्वारी आहे, नाही तर कडबा आहे. हे मला लोमटेनंच सांगितलेलं होतं.

पहिल्यांदा मी चाळीसचं तोंड उघडलं. आपलं ते आपलं. पाणी आत शिरलं, दोन हात पुढं गेलं आणि पहिल्या भेगेत उतरलं. मी वाट पाहिली. भेग पाणी पीत राहिली. आत कुठंतरी गुडगुड आवाज येत होता. मग दुसरी भेग. ओंजळभर पाणीसुद्धा तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलं नाही. मी न बुजवलेल्या भेगा होत्या, त्यांची मला तोंडओळख होती.

शेजारी एकोणचाळीस. जमीन सारखी, मऊ, मिटलेली. आठवडाभर लोमटेनं रोज घामाचं पाणी दिलेली. तिथं हे पाणी गेलं असतं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं असतं.

इंजिन थांबायला फार वेळ नव्हता. मी फावड्यानं चाळीसचं तोंड बंद केलं आणि एकोणचाळीसचं उघडलं.

हा त्याग होता असं कुणी समजू नये. हिशेब होता. फेब्रुवारीत परीक्षा होती आणि पिकांच्या रोगांचा पेपर लोमटेशिवाय मला सुटणार नव्हता. माणसानं परत यायचं तर त्याचं काहीतरी इथं उभं पाहिजे. वाळलेल्या प्लॉटसाठी कोण परत येतं? ज्वारी जगली तर तो येईल, वर्ष वाचवील, रात्री पुन्हा वाचून दाखवील, असं मला वाटत होतं. पाणी झुळझुळत एकोणचाळीसमध्ये गेलं. माझी ज्वारी माझ्याकडं बघत होती. मी दुसरीकडं बघत होतो.

नंतर पाखरं आली. एकोणचाळीसवर आली. चाळीसमध्ये खाण्यासारखं काही नव्हतं, तिकडं ती फक्त विसावा घ्यायची. मी पत्र्याचा डबा वाजवत दोन्हींच्या मधल्या बांधावर बसून राही. डबा एका हातात, पुस्तक दुसऱ्या. पाखरं उडाली की दोन ओळी वाचून होत. अशा रीतीनं मला खोडकिडीचा पूर्ण धडा पाठ झाला, आणि त्यात पाखरांचा वाटा मोठा होता.

कापणीच्या दिवशी सकाळी लोमटे आला. भादरलेल्या डोक्यावर केस नुसते उगवायला लागले होते. पहाटेच्या एसटीनं आलो म्हणाला. ट्रंक न्यायला. मी म्हणालो, "आधी प्लॉट बघ." तो बांधावर आला आणि एकोणचाळीससमोर उभा राहिला. कणसं मुठीएवढी होती. मग त्यानं चाळीसकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पानी?"

"एकालाच पुरलं."

त्यानं विळा घेतला आणि एकोणचाळीस कापायला लागला. त्याचं कापणं बघत उभं राहावं असं होतं. विळा दिसत नव्हता, फक्त ताटं आडवी होताना दिसत होती. माझ्या प्लॉटची कापणी मी केली. तिला कापणी म्हणणं हा सौजन्याचा भाग.

खळ्यावर हंबर्डे सर काट्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. एकोणचाळीसचं पोतं चढलं तेव्हा सगळी पोरं पुढं सरकली. वर्गातलं सगळ्यात जास्त वजन. चाळीसचं पोतं काट्यावर ठेवलं तेव्हा काटा हलला की नाही यावर मागं दोन पोरांत वाद झाला.

"लोमटे," सर म्हणाले, "दाणे भरताना पाणी दिलंस?"

"न्हाई सर. मी नव्हतो."

"मग?"

"हळबेनं दिलं. पीक त्याचं हाय. त्याच्या नावावर धरा."

"नाही सर," मी म्हणालो. "प्लॉट त्याचा. भेगा त्यानं बुजवल्या."

"पेरनी ह्यानं केली सर."

"सगळं तोच सांगत होता सर."

सरांनी चष्मा काढला. "मला वाटा नको म्हणून कोर्टात आलेले भाऊ तुम्ही पहिलेच. हळबे, चाळीस नंबर कोणाचा?"

"माझा."

"त्याच्या भेगा कोणी बुजवायच्या होत्या?"

मी माझ्या पोत्याचं तोंड आवळलं.

"त्याला पाणी कोणी द्यायचं होतं?"

"मी, सर."

"हं." सर पहिल्यांदाच 'हं'च्या पुढं गेले. "मी दर शनिवारी बघत होतो. पहिले दोन महिने दोन प्लॉट आणि एक विद्यार्थी. मग एक आठवडा दोन प्लॉट आणि दुसरा विद्यार्थी. आता एकोणचाळीसमध्ये पीक आहे, विद्यार्थी नाही. चाळीसमध्ये विद्यार्थी आहे, पीक नाही. नियमाप्रमाणे दोन्ही लागतात."

"म्हणजे सर?"

"म्हणजे दोघंही नापास. पुढच्या हंगामात पुन्हा प्लॉट घ्या. एकेकटे."

लोमटे पोत्याकडं बघत म्हणाला, "मी येनार न्हाई सर. घरी बारा एकर हाय. करायला कोन न्हाई. भावजय हाय, तिची दोन लेकरं हायेत."

सरांनी छत्री उचलली, मग पुन्हा खाली ठेवली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पृथ्वीचे धनी वगैरे त्यांना सहज म्हणता येई. त्या वेळी काही आलं नाही. "पुढचा," ते म्हणाले, आणि एकेचाळीसचं पोतं काट्यावर चढलं.

माझं वर्ष गेलं. वडिलांना मी कळवलं आणि घरी गेलो नाही. पुढच्या हंगामात पुन्हा एक गुंठा घेतला, पुन्हा पेरला, भेगा बुजवल्या, रात्री एकटाच मोठ्यानं वाचत बसलो. नवा रूममेट तक्रार करी. पीक सांगण्यासारखं आलं नाही, पण विचारलं असतं तर प्रत्येक ताटाचं सांगता आलं असतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी मी लोमटेची ट्रंक एका बाजूनं धरून स्टँडवर गेलो. दुसरी बाजू त्यानं धरलेली. जानेवारीचं झोंबणारं वारं होतं. निम्म्या वाटेवर तो म्हणाला, "दादाला कळलं हुतं."

"काय?"

"तू गडी न्हाईस ते. स्टँडला जाताना मला म्हनला, तुझा गडी लई गुनाचा हाय. पर गड्याच्या बोटाला शाई कामून रं?"

मी माझ्या बोटांकडं पाहिलं.

"मग?"

"मग काय. मी समदं सांगितलं. वाटलं हाननार आता. त्यो हसला. लई हसला. मालक म्हनला न्हवं तू त्याला, त्येनं. मग म्हनला, मी शपथ घातली ती घरच्या मातीची. हितली माती हा तुझा अभ्यास हाय. त्यो बी दुसऱ्याकडनं करून घेतलास, तर मग मी घरी कशापायी राबायलोय?" लोमटेनं ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. "म्हनून करायला लागलो. आठ दिस केलं. लई बरं वाटत हुतं, कंपाउंडर. तुला सांगनार हुतो."

स्टँडवर एसटी लागली होती. ट्रंक टपावर चढली. तो खिडकीपाशी बसला आणि मी खाली उभा राहिलो. इंजिन सुरू झालं. मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. मित्र गेला, भाऊ गेला, वर्ष गेलं; अशा वेळी माणसं आयुष्यभर पुरेल असं एखादं वाक्य बोलतात. मला सुचत नव्हतं. त्याच्याही ओठांची हालचाल झाली. तो खिडकीतून वाकला. मी टाचा उंचावून कान पुढं केला.

"कंपाउंडर," तो म्हणाला, "तेवढी काच बाहेरनं ढकल की जरा. अडकलीय. टाळूला लई गार लागायलंय."